हासिंतोचे झुरके

चारचौघांत ओरडून सांगते, गळ्याची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आमच्या गावच्या बँडमधला सगळ्यात मोठा कर्णा हासिंतो वाजवतो, आणि नऊ वर्षं झाली, व्हेप ओढतो, ती विजेवरची, वासाच्या वाफेची सिगारेट. जत्रेच्या तोंडावर बँडमास्तरांनी त्याला सुनावलं, "मिरवणुकीत दम तुटला, तर कर्णा तुझ्या मेव्हण्याला देईन." तेव्हा गडी चर्चमध्ये शपथ घ्यायला गेला. आमच्याकडे दारुडे दारू तशीच सोडतात. ग्वादालुपे माउलीपुढे, म्हणजे आमच्या देवमातेपुढे, शपथ घ्यायची, काय आणि किती सोडलं ते कार्डावर लिहायचं आणि खाली फादरची सही.

फादर मकारियोंनी ती व्हेपची कांडी उलटीसुलटी करून पाहिली, हुंगली. "आंबा का रे? दिवसाला किती झुरके?"

"मोजतंय कोण, फादर?"

"दारुडासुद्धा ग्लास मोजतो, लेकरा. काय सोडतोयस तेच ठाऊक नाही, तर मी लिहू काय? आठ दिवस मोज. एका झुरक्याला काळ्या घेवड्याचा एक दाणा बाजूला टाक, आणि घेऊन ये."

हासिंतोलाही आता उत्सुकता लागली. नऊ वर्षांत हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

नवव्या दिवशी तो आला तो गाढव घेऊन, आणि गाढवावर घेवड्याचं हे भलंमोठं पोतं. फादरनी कार्ड काढलं.

बरं बाबा, गाढव माझ्या पदरचं. दाणे किलोभरसुद्धा नव्हते, साध्या पिशवीत मावले. पण तेवढी पिशवी घेऊन चर्चच्या बावीस पायऱ्या चढताना हासिंतो तीनदा खाली बसला.