बेड्याचा भोंगा

उन्मेषने कॉलेजातलं जुनं मायक्रोकंट्रोलरचं किट माळ्यावर टाकलं होतं. लेक जुई चालायला लागली, तशी अपूर्वाने ते खाली काढलं. परसातल्या विहिरीला कठडा नव्हता, आणि तिकडे जायचं बांबूचं बेडं नुसतं ढकललं तरी उघडायचं. बेडं उघडलं की घरात भोंगा वाजला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. पुस्तकात बघून तिने प्रोग्रॅमचा एकेक आकडा किटच्या बटणांवर दाबला, बेड्यापर्यंत वायर ओढली, आणि बेडं बंद असतानाच भोंगा कोकलायला लागला.

मुंबईहून फोनवर तिचा नवरा उन्मेष हसला. “अगं, उलटं लिहिलंयस तू. एक सूचना बदल, झालं!”

जुईला सासूबाईंपाशी ठेवून ती पुन्हा पुस्तक घेऊन बसली.

“अगो, बंद कर तो मेला भोंगा! कान किटले माझे,” तांदूळ निवडता निवडता सासूबाई माजघरातून ओरडल्या.

“होतंच आलंय, आई. जुईकडे लक्ष आहे ना?”

“आहे गो. तू तुझं बघ.”

अखेर चूक सापडली. अपूर्वाने बटणाकडे बोट नेलं आणि भोंगा गप्प झाला.

“हुश्श! जमलं हो माझ्या सुनेला!” सासूबाई म्हणाल्या.


अपूर्वाचं बोट अजून बटणाला लागलंच नव्हतं. पुस्तक भिरकावून ती परसात धावली आणि विहिरीत वाकून बघणाऱ्या जुईचा फ्रॉक तिने मागून मुठीत धरला.