टाइल्सवरचे देव

तालुक्याच्या गावात बाजारचौकाचं सुशोभीकरण झालं. फरशी बसली, कारंजं उडालं, आणि अकरा वर्षांच्या अर्जांनंतर भाजीवाल्या बायांसाठी संडास उभा राहिला. सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरून भाजी आणणारी जमनाबाई जायला जागा नाही म्हणून बाजारात दिवसभर घोटभर पाणी पीत नव्हती. संडास उघडला त्या दिवशी तिनं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं.

पण आठवडाही सरला नाही, तोच बाप्यांनी संडासाची पांढरी भिंत गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी लाल करून टाकली. नगरपालिकेच्या साहेबांनी नेहमीचा उपाय केला. भिंतीवर देवांच्या टाइल्स चिकटवल्या.

थुंकणं बराबर थांबलं. मग शनिवारी कुणीतरी उदबत्ती लावली, मंगळवारी नारळ फुटला, मागोमाग घंटाही आली. पुढच्या बाजाराला जमनाबाई घाईघाईनं गेली, तर दाराला भलं मोठं कुलूप आणि पायरीवर चपलांचा ढीग.

"काहून बंद केलं रे?" तिनं आरतीचं ताट धरलेल्या विश्वंभरला विचारलं. भिंत रंगवण्यात परवापर्यंत हाच सगळ्यात पुढं होता.

"मावशी, देवाच्या पाठीमागं असलं घाण काम करतेत व्हय?" असं म्हणून तो वळला, नव्या फरशीवर पचकन थुंकला आणि लगेच ताटातली पळी पुढं केली. "घ्या, तीर्थ घ्या."

 

जमनाबाईनं हात मागं घेतला. "नगं रे बापा. पाणी पोटात गेलं की जायला जागा लागती."