अणदूरच्या सालोत्र्याला काढून टाका

"आरं बिभीषणा, अंगठा नीट दाब. कोंबडीनं पाय दिल्यावानी नको," सखूबाई म्हणाली.

बिभीषणानं पुन्हा अंगठा शाईत बुडवला. चावडीपुढं सकाळपासून अंगठेच उमटत होते. हैदराबाद दरबारची भाषा उर्दू, म्हणून अर्ज शाळेच्या सादिक मास्तरांनी लिहिला होता आणि सगळ्यांना समजावून सांगितला होता. मजकूर थोडका. अणदूरला नेमलेला सरकारी सालोत्री, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, दोन वर्षांत गावात फिरकलेला नाही. त्याला काढून टाका आणि त्याच्या जागी रेवणप्पा धनगराला नेमा.

डोकं सखूबाईचं. नवरा गेल्यापासून दोन बैलांच्या जिवावर तिनं शेत राखलं होतं आणि ते बैल रेवणप्पानं राखले होते. आठ दिवसांमागं तो सहज बोलून गेला, "मावशी, पुढल्या महिन्यात माझा मुक्काम हलणार." सखूबाईनं मनाशी हिशेब घातला. बिचाऱ्याचं पोटापाण्याचं जमत नसणार, दुसरं काय? सालोत्र्याचा पगार याला मिळाला तर हा कशाला जाईल?

आधीच्या सालोत्र्याला गाव विसरलं नव्हतं. बूट घालून गोठ्यात शिरला आणि नाकाला रुमाल लावून लांबूनच गाय बघायला लागला. ज्या गोठ्यात घरधनीसुद्धा वहाणा बाहेर काढून जातो, तिथं हा थाट! गावानं त्याच संध्याकाळी त्याला वेशीबाहेर घातलं. त्याच्या जागचा नवा येणार, येणार म्हणत होते, तो काही दिसला नाही.

आला तो रेवणप्पा. खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. "जनावरं बघाया आलोय," एवढंच म्हणाला आणि देवळामागच्या पडवीत राहिला. जनावराच्या पाठीवर घोंगडी टाकायचा आणि तिच्याआड हात घालायचा. काटा टोचल्यागत जनावर जरा थरथरायचं, की काम झालं. मंतर लई जहाल, असं गाव म्हणायचं. "मंतर न्हाय, औषिद हाय," तो हसून सांगायचा, पण ऐकतो कोण? महिन्यातून एकदा तुळजापूरला जाऊन यायचा. भवानीचा भक्त असणार, असं सगळे धरून चालले होते. यंदाच्या बुळकांडीच्या साथीत आसपासच्या गावांच्या दावणी ओस पडल्या, पण अणदूरचं एक वासरू दगावलं नाही. मग देवीचं देणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

खुद्द रेवणप्पाला मात्र अर्ज पसंत नव्हता.

"मावशी, ऱ्हाऊ द्या की. त्या सालोत्र्याच्या पोटावर पाय कशाला देताव?"

"तुला लई पुळका रं त्येचा! मुडदा बशिवला त्येचा, बसून पगार खातोय."

"राबत बी असंल बिचारा कुठंतरी."

"राबतोय! आमच्या डोळ्याला दिसला असता की मग."

रेवणप्पा मान खाली घालून हसला. शांतलिंगाची गाय अडली होती, तिकडं निघून गेला.

दुपारी जिल्ह्याहून बडे सालोत्री आयुबसाहेब ठरलेल्या फेरीला घोड्यावर आले. चावडी माणसांनी फुलली. साहेबांनी अर्ज वाचला. पुन्हा एकदा वाचला, मग चष्मा काढून पुसला.

"हा सालोत्री मुंबईच्या कॉलेजातून पहिल्या नंबरानं पास झालेला आहे," ते म्हणाले. "हैदराबादेत चांगली खुर्ची देत होतो. यानं खेडं मागून घेतलं."

"आसंल पयला नंबर," सखूबाई पदर खोचून पुढं झाली. "पुस्तक वाचून गाय व्यात न्हाय, साहेब."

"आणि हा रेवणप्पा? लिहितावाचता येतं?"

"त्येला अक्षर वळखत नसंल, पर जनावर वळखतंय. त्यो गेला तर आमच्या दावणी गेल्या."

"नीट विचार करा. हुकूम लिहिला की लिहिला. सालोत्र्याला काढू?"

"काढा!" सगळी चावडी एका आवाजात गरजली.

"धनगराला नेमू?"

"नेमा!"

साहेबांनी टाक उचलला, हुकूम लिहिला आणि खाली सही ठोकली. बिभीषणानं पटका हवेत उडवला. सखूबाईच्या डोळ्यांना धार लागली. गावानं सरकारकडं काही मागावं आणि ते तिथल्या तिथं मिळावं, असं अणदूरात कधी घडलं नव्हतं.

तेवढ्यात रेवणप्पा आला. कोपरापर्यंत हात ओले, घोंगडी कमरेला बांधलेली. "गाय सुटली, खोंड झालंय," म्हणाला.

सखूबाईनं त्याचं मनगटच धरलं. "आता कुठं जातोस बघते! तुला सालोत्री केलाय आमी!"

आणि बडे साहेब त्या अनवाणी धनगरापुढं खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मुबारक हो, डॉक्टरसाहेब," आयुबसाहेब हुकूम त्याच्या हातात देत म्हणाले, "गावानं तुम्हाला नोकरीवरून काढलंय आणि तुमच्याच जागी नेमलंय. तुमच्या बदलीचा कागद मी फाडतो. आता चार्ज तुम्हीच द्या आणि तुम्हीच घ्या."