पुढची तारीख

बाकावर तान्ही बाळं घेऊन बसलेल्या आया आणि त्यांच्यात साठीच्या रत्नप्रभाबाई. याच खोलीत नर्स म्हणून त्यांनी तीस वर्षं लसी टोचल्या होत्या. बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर शरीर लहानपणच्या सगळ्या लसी विसरलं, म्हणून आज त्यांचाच नंबर होता.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या नर्सनं सुई टोचली. मोठ्यांची कार्डं नव्हती, म्हणून तिनं बाळांचंच काढलं, 'बाळाचे नाव' यापुढे रत्नप्रभा लिहिलं आणि खाली तारखा भरल्या. "गोवरची लस मात्र पुढच्या वर्षी, सप्टेंबरात."

वर्षभर डॉक्टर फक्त पुढच्या तपासणीपुरतंच बोलत आले होते. बाईंनी ती तारीख दोनदा वाचली.

"चुकवायची नाही हं," नर्स सवयीनं म्हणाली.

हजारो आयांकडून ऐकलेलं उत्तर आज बाईंच्या तोंडी आलं.

"येते ना, सिस्टर."