कुंदाचं दहावं

कुंदा गेली त्या सकाळी आरोग्य संकुलातल्या काचेच्या बशीत तिचं तांदळाच्या दाण्याएवढं हृदय छान धडधडत होतं. नवं औषध त्याला लागू पडलं होतं. माणसांना ते द्यायची परवानगी मात्र अजून आली नव्हती.

बंद सूतगिरणीच्या जागी हे संकुल आलं आणि ओस पडलेलं गाव पुन्हा भरलं. गावातल्या प्रत्येकाच्या पेशींपासून तिथे छोटं हृदय वाढवत आणि औषधं आधी त्यावर तपासत. पेशी देताना कुंदा नवऱ्याला, सोपानरावांना म्हणाली होती, "तुमच्याजवळ ठेवण्यापेक्षा गिरणीत बरं राहील माझं काळीज."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मेहुणी रडत म्हणाली, "दाजी, तिचा जीव गिरणीत अडकलाय. सोडवून आणा."

सोपानराव नदीवरून थेट संकुलात गेले. गल्लीतलीच रेहाना तिथे कामाला होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही सांगाल तर आत्ता बंद करते. पण हे पावसाळ्यापर्यंत चाललं, तर औषधाला परवानगी मिळेल. भोसेकर मावशींनाही तोच आजार आहे."

सोपानरावांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"चालू दे," ते म्हणाले. "हिला आवरायला नेहमीच उशीर लागायचा."

घाटावर पिंड तसाच होता. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायची तयारी केली, पण सोपानरावांनी हात धरला. कुंदाचं दहावं अजून व्हायचं आहे.