पापाचं मराठी

“‘पापी’ हा शब्द आधी काढा, फादर,” कमलाक्षीबाई म्हणाल्या. “लोक उठून जत्रेत जातील.”

फादर कायतान ओशाळून हसले. पेडण्याच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, त्यांची ही पहिलीच नेमणूक. फेस्ताच्या जत्रेला येणारं निम्मं गाव हिंदू, म्हणून यंदा त्यांनी प्रवचन मराठीत करायचं ठरवलं होतं आणि विषय घेतला होता पाप. शेजारी कमलाक्षीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, राहतात म्हटल्यावर ते रोज सकाळी पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन हजर होत. बगलेत कागद.

फादरांचं मराठी भलतंच कच्चं होतं. शुद्धलेखन बिनचूक, पण वाक्यं लंगडी. बाई हौसेनं दुरुस्त करत.

“लोक म्हणतात, मी चोरी केली नाही, खून केला नाही, मग मी कसलं पाप केलं?” फादर म्हणाले. “त्यांना कसं सांगू? पाप म्हणजे नुसतं नियम मोडणं नव्हे. नातं तोडणं. देवाशी, माणसाशी.”

“हे पुस्तकातलं झालं. आमच्याकडे लंगडं कुत्रं दिसलं तरी बायका म्हणतात, ‘पाप गे!’ म्हणजे बिचारं.”

“एकाच शब्दात गुन्हा आणि कणव?”

“हो. मग असं सांगा. दुसऱ्याचं दुःख समोर दिसतंय आणि आपल्या तोंडून ‘पाप’ निघत नाही, तेच पाप.”

बाई स्वतःच्याच वाक्यावर खूश झाल्या. फळ्यावर लिहावं असं वाक्य होतं.

“एखादं उदाहरण?”

उदाहरण तयारच होतं. “माझी धाकटी बहीण, रुक्मिणी. फोंड्याला शाळेत शिकवते. आई अंथरुणाला खिळली, सगळं मी एकटीनं केलं. ही आली ती आई गेल्यावर. मी कडी काढली नाही. आता सांगा, पाप कुणाचं?”

“नंतर आल्या नाहीत?”

“आली की दोनदा. उभी राहिली आणि गेली.”

फादर कागदाची घडी घालून उठले.

फेस्ताच्या दिवशी मांडव भरला होता. बाई पुढच्या रांगेत बसल्या. फादरांनी कागद काढलाच नाही. आवाज शांत, वाक्यं स्वच्छ. आपली मेहनत फळाला आली, असं बाईंना वाटलं. ‘पाप गे’चं वाक्य आलं तेव्हा मागच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

“दुसऱ्याचं पाप मोजताना आपण फार हुशार असतो,” फादर म्हणत होते. “कुणी उन्हात दाराशी उभं असतं. आतल्या माणसाला खिडकीतून ते दिसतं. घाम पुसताना दिसतं. तरी आतल्याच्या तोंडी तो शब्द येत नाही. तेव्हा पाप दाराच्या कुठल्या बाजूला असतं, ते ज्यानं त्यानं बघावं.”

बाईंना आपलंच दार आठवलं. रुक्मिणीनं पदरानं मान पुसली होती. तेव्हा त्या खिडकीच्या पडद्याआडच होत्या. एवढं बारीक तर त्यांनी फादरांना सांगितलंही नव्हतं.

प्रवचन संपलं तरी जत्रेकडे जायची घाई कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई फोंड्याला गेल्या. दार ठोठावताना त्यांनी मनात दोन-चार वाक्यं जुळवली होती. रुक्मिणीनं दार उघडलं आणि त्यातलं एकही आठवलं नाही.

“रुकू, मी तुला उन्हात ठेवलं.”

“आत ये आधी, ताई.”

दोघी खूप रडल्या. आईचं बोलल्या. दुपारी एकाच ताटात जेवल्या, लहानपणी जेवत तशा, आणि भाजीतल्या मिठावरून भांडल्यासुद्धा. कित्येक वर्षांत बाईंना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“आणि हे सगळं माझ्याच एका वाक्यानं झालं बघ,” हात धुताना त्या अभिमानानं म्हणाल्या. “त्या पोरसवदा फादरांना मराठी मी शिकवलं. कायतान नाव त्यांचं. एक वाक्य धड येत नव्हतं.”

रुक्मिणीनं पदर तोंडाला लावला. हसू काही आवरेना.

“तुझ्या दारातल्या उन्हाचं मीच त्याला सांगितलं होतं, ताई. शाळेत मराठीत पहिला यायचा तो. माझ्याच वर्गात.”