निशाणी पेला

पेला सोडून बाकी सगळं तानाबाईनं ओसरीत आणून मांडलं. पत्र्याचे बिल्ले, विटलेला झेंडा, ‘निशाणी पेला’ छापलेली पत्रकं, जीपवर बांधायचा भोंगा. तिचे यजमान सदाशिवराव जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या समता मंडळाला चाळीस वर्षं झाली म्हणून यवतमाळला प्रदर्शन भरणार होतं, आणि वस्तू न्यायला मंडळानं नेमकं मथुराबाईलाच पाठवलं होतं. दुसरं माणूस मिळालं नाही जणू!

मथुराबाईनं यादीवर बोट फिरवलं. “वैनी, पेला राह्यला.”

“सापडून नाही राह्यला,” तानाबाई म्हणाली. तो कपाटात होता, तिच्या लग्नातल्या शालूखाली.

त्या पितळेच्या पेल्यावर सदाशिवरावांनी तीन निवडणुका लढवल्या. गावोगावच्या स्टेजवर मथुराबाईनं त्यात पाणी ओतायचं आणि त्यांनी ते सगळ्या गावादेखत गटागटा प्यायचं. कुणब्याचा पुढारी बौद्ध बाईच्या हातचं पाणी पितो, हे बघायला लोक बैलगाड्या जुंपून येत. आदल्या दिवशी चिंच लावून पेला लखलखीत करायची मात्र तानाबाई. मी येऊ का सभेला, असं तिनं एकदा विचारलंही होतं. “घरच्या बाईचं स्टेजवर काय काम?” म्हणून ते जीपमध्ये बसले. त्या दिवशीचं भाषण स्त्री-पुरुष समतेवर होतं, आणि ते फार रंगलं म्हणे.

बिल्ल्यांच्या शेजारी एक फोटो पडला होता. पेला ओठांना लावून सदाशिवराव मथुराबाईकडे बघत हसत होते. घरी पाणी पिताना त्यांची मान पेपरातून वर येत नसे. चाळीस वर्षं तानाबाई त्या हसण्यावर जळत आली होती. आता मथुराबाईनं सत्तरी ओलांडली होती, गुडघे धरून ती कशीबशी खाली बसली होती. तरी तानाबाईची जळजळ काही कमी होत नव्हती.

“पेल्याखाली काय लिहिणार हाय तुमचं मंडळ?” तिनं विचारलं.

मथुराबाईनं कागद डोळ्यांजवळ नेला. “‘सदाशिवराव याच पेल्यातून मथुराबाईंच्या हातचं पाणी पीत असत.’”

“अन् घासणारीचं नाव?”

“त्याईनं लिहून देल्लं तेवढंच हाय, वैनी.”

तानाबाईला आता राहवेना. इतकी वर्षं जिभेवर येऊन परत गेलेलं तिनं विचारून टाकलं. “खरं सांगा, मथुराबाई. हे तुमच्या घरी येत होते का?”

“येत होते ना. लय खेपा आले.”

तानाबाई पुढं सरकली. “मंग?”

“मंग काय? वट्ट्यावर बसत. मी पाणी आणो. ‘राहू दे मथुरा, आत्ताच पेलो,’ म्हणत.”

“दर खेपी?”

“दर खेपी. एक डाव भर मे महिन्यात सायकलनं आलते. ओठ सुकून गेलते, घाम निथळून राह्यला होता. तरी आत्ताच पेलो.” मथुराबाईनं हातातला बिल्ला पदरानं पुसला. “फोटोवाला सोबत असला, का मंग लय तहान लागे त्याईले.”

तानाबाईला आठवलं. प्रचाराहून आले की सदाशिवराव उंबऱ्यातूनच पाणी मागत. चपला न काढताच अख्खा तांब्या एका दमात रिकामा करत, आणि मग दुसरा. म्हणजे ती तहान ते घरापर्यंत राखून आणत होते तर! हिच्या वट्ट्यावर नाही, आपल्या दारात येऊन भागवत होते. तानाबाईच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उगाच जळले मी इतकी वर्षं, असं तिला वाटलं. समोरची बाई मान खाली घालून तोच बिल्ला पुन्हा पुन्हा पुसत होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

ती उठली. कपाट उघडून तिनं शालू बाजूला सारला आणि पेला आणून मथुराबाईच्या ओटीत ठेवला.

“न्या. तुमचंच नाव लिहा खाली. मले आता काही वाटत नाही.”

मथुराबाईनं पेला उचलून बिल्ल्यांशेजारी ठेवला.

आणि मग तानाबाईच्या लक्षात आलं, ही बाई बसस्टँडवरून उन्हातून चालत आली त्याला तास होत आला, आणि आपण तिला साधं पाणीही विचारलं नाही. तिची तिलाच लाज वाटली.

“थांबा बाई, पाणी आणतो तुमच्यासाठी,” म्हणत ती लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. मांडणीवर घरचे स्टीलचे पेले ओळीनं पालथे घातलेले होते. तिचा हात त्यांच्यावरून पुढं गेला, मागच्या खिडकीत मजुरांसाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यापाशी थांबला, आणि तो पेला तिनं मोठ्या मायेनं दोनदा विसळला.